बाल्कनीतले बारा ढीग

माझ्या बाल्कनीत माती वाळत घालायची परवानगी मी केळुसकर काकांना कधीच दिली नव्हती. त्यांनी ती मागितलीही नव्हती. मे महिन्यातल्या एका रविवारी बेल वाजली, काका जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि मातीच्या चार पिशव्या घेऊन आत आले आणि चपला काढून सरळ बाल्कनीत गेले. "तुझी बाल्कनी उत्तरेला आहे, माझी दक्षिणेला. माती सावलीत वाळवायची असते," एवढंच म्हणाले.

त्या उत्तरेच्या बाल्कनीवरून मी हर्षदचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, दोन वर्षं डोकं खाल्लं होतं. तिथे कपडे वाळत नव्हते, मिरच्या वाळत नव्हत्या, कुंडीतली तुळस धड जगत नव्हती. तिच्यात काही गुण आहे असं म्हणणारा पहिला माणूस भेटला तो हा. चार ढीग मांडून, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी ठेवून काका उठले आणि म्हणाले, "फुंकर मारू नकोस." जणू काही मी दिवसभर मातीवर फुंकरा मारत बसणार होते!

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पुण्या-मुंबईची मुलं सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टवर भराभर टोकियोत येत होती, आणि एदोगावा वॉर्डातल्या आमच्या इमारतीत तर लिफ्टमध्ये मराठी ऐकू यायचं. सगळे तिशीच्या आतबाहेरचे. त्यात केळुसकर काका एकटेच पंचावन्नचे. मुंबईच्या एका बँकेच्या टोकियो शाखेत होते. काकू डोंबिवलीच्या शाळेत शिकवायच्या, नोकरी सोडायची नाही म्हणून तिकडेच राहिल्या होत्या. एकटा माणूस, समोरचं दार, आणि आम्ही मराठी. म्हणजे त्यांना वाटेल तेव्हा आमची बेल वाजणार हे ठरलेलंच होतं.

बँकेत ते लागले होते शेतकी अधिकारी म्हणून. कृषी पदवीधर. पहिली वीस वर्षं त्यांनी कर्ज मागणाऱ्यांच्या शेतात जाऊन माती हातात घेण्यात घालवली आणि मग बढत्या घेत घेत टोकियोच्या आठव्या मजल्यावर परकीय चलनाच्या टेबलाशी येऊन बसले. तिथे माती म्हणून काही नव्हतंच. मला वाटतं, ती सगळी राहिलेली चौकशी त्यांनी मग आमच्यावर काढली.

"सांगितलेलं वेगळं, बघितलेलं वेगळं." हे त्यांचं पालुपद. दिवसातून दहादा. मी सांगितलं की कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, मिळणारा अमुक पाव शाकाहारी आहे, तर हे भिंग घेऊन तिथे गेले आणि पाकिटामागची सगळी जपानी अक्षरं लावत बसले. मागे रांग लागली. जपानी माणसं, कोणी हूं की चूं केलं नाही. लाजेनं मेले ती मी. गणपतीत मी उकडीचे मोदक केले. सगळे वा वा म्हणत होते. काकांनी मोदक फोडला, पारी बोटानं दाबली आणि विचारलं, "पिठी घरची?" मी म्हटलं, "हो, आईनं पाठवलेली." "अर्धी," ते म्हणाले, "अर्धी इथल्या दुकानातली आहे." खरंच अर्धी होती. पण भरल्या घरात, आरती झाल्यावर, हातात प्रसाद असताना हे बोलायचं असतं का? हर्षद हसत सुटला आणि पुढचे दोन दिवस माझ्याकडून त्याला चहा मिळाला नाही.

तर माती. तिचा उगम मोरिता-सान. या सत्तरी ओलांडलेल्या बाई वॉर्डच्या हॉलमध्ये दर बुधवारी आम्हा बायकांना फुकट जपानी शिकवायच्या. काकाही सुट्टी जुळवून तिथे येऊन बसत, पंधरा बायकांत एक पुरुष. मोरिता-सानचा भाऊ नागानोच्या डोंगरात जन्मभर जिनसेंग लावायचा. औषधी मूळ, माणसाच्या आकाराचं, वाढायला पाच-सहा वर्षं घेणारं. त्या हिवाळ्यात तो वारला. मागे राहिलं वरच्या अंगाचं छोटं रान, खालचं शेत, आणि ओल्या वाळूत पुरलेली एक लाकडी पेटी. पेटीत बी होतं.

त्या बियाची तऱ्हा मोरिता-साननी वर्गात हातवारे करून समजावली. पिकल्यापासून ते उगवायला दीड वर्ष लागतं. त्यातलं पहिलं वर्ष ओल्या वाळूत ठेवायचं. यंदाच्या शरदात त्याचं कवच फुटेल, आणि फुटलं की बर्फ पडायच्या आत पेरायलाच हवं. वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवू म्हटलं तर मरतं. भावानं चाळीस वर्षं स्वतःच्याच झाडांतलं निवडून ठेवत आणलेलं ते बी. गावात दुसऱ्या कोणाकडे ते नव्हतं. आणि जिनसेंग एकदा निघालं की त्या जमिनीत पुढची कित्येक वर्षं पुन्हा येत नाही, म्हणून खालचं शेत बाद. उरलं रान. पेरणी एकच, आणि जागा चुकली तर भावाचं सगळं संपलं. बाईंनी हे सांगताना आवाज चढवला नाही की डोळे पुसले नाहीत, त्यामुळे आम्हालाच गलबलून आलं.

काकांनी हात वर केला. "मातीची परीक्षा केली का?"

मोरिता-सान म्हणाल्या, भाऊ नुसता बघून सांगायचा.

"तो गेला," काका त्यांच्या त्या बँकेतल्या जपानीत म्हणाले. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी मोठ्यानं मराठीत विचारलं, "पाय का देतेस?"

पण मोरिता-सानना राग आला नाही. त्यांनी रान काकांच्या हवाली केलं.

मग शनिवार आला की काका निघाले. शिंकानसेन ही बुलेट ट्रेन, पुढे दोन डब्यांची छोटी गाडी, पुढे पायी चढ. हातात खुरपं, पाठीवर सॅक. रविवारी परत, आणि परत आले की माझी बाल्कनी. त्या पहिल्या चार ढिगांची परीक्षा झाल्यावर काकांनी उरलेली माती माझ्याकडेच सोडली. मी ती जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत भरून मंगळवारी खाली ठेवली. संध्याकाळी बघते तर पिशवी तिथेच, वर लाल स्टिकर. आमच्या वॉर्डात कचऱ्यात माती घेत नाहीत हे मला तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. इमारतीच्या व्यवस्थापकांनी पिशवी उघडली, आत काकांच्या अक्षरात माझा फ्लॅट नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि पिशवी माझ्या दारात परत आली. काका बघून म्हणाले, "टाकायची कशाला? जिथली आहे तिथे नेऊन घालायची." आणि पुढच्या शनिवारी ती माती शिंकानसेननं नागानोला परत गेली. तिकीट काढलेल्या सीटवर बसून. मी डोक्याला हात लावला.

ऑक्टोबरात खरा नमुना काढायची वेळ आली. रानाचे काकांनी बारा तुकडे पाडले होते. मेपलखालचे, चेस्टनटखालचे, ओढ्याकाठचे, आणि ज्यांना आम्ही आपसात देवदार म्हणायचो त्या उंच सरळ झाडांच्या कडेचे. एकेका तुकड्यातून आठ-दहा ठिकाणची माती, वरची पानं बाजूला सारून, वीतभर खोल. ती एकत्र करायची, गोल पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा कालवायचे, असं करत ओंजळभर राहीपर्यंत. हे सगळं मला तोंडपाठ आहे कारण ते त्यांनी मला पाच वेळा सांगितलं. बाल्कनीत बारा ढीग लागले. प्रत्येकावर चिठ्ठी. "आठ दिवस हात लावायचा नाही," काका म्हणाले. "ईरालासुद्धा सांग." ईरा माझी सहा वर्षांची मुलगी. तिनं जपानीत विचारलं, आजोबांनी मेलेली मांजरं पुरली आहेत का. मी तिला गप्प केलं, पण मनात म्हटलं, बरोबर विचारलंस.

पाचव्या दिवशी सकाळी दोन गणवेशातले गृहस्थ दारात. आग-सुरक्षेची तपासणी. सूचनेचा कागद आठवडाभर फ्रिजवर चिकटवलेला होता, मी वाचला नव्हता. आमच्या आणि शेजारच्या बाल्कनीमध्ये पातळ फळी असते. आग लागली तर ती लाथेनं फोडून पलीकडे जायचं. त्या फळीसमोर काही ठेवायला बंदी. आणि माझ्याकडे फळीसमोर बारा ढीग! ते दोघे शेजाऱ्यांकडून सुरुवात करतो म्हणाले. मला दहा मिनिटं मिळाली. मी कागद उचलले, घरात नेले, हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, जागा मिळेल तिथे. चिठ्ठ्या उडाल्या. तीन सोफ्याखाली गेल्या, दोन माझ्या पायाला चिकटल्या, बाकीच्या कुठे कुठे. ते दोघे आले, बघून, वाकून, आभार मानून गेले, आणि मी हातात बारा चिठ्ठ्या घेऊन उभी राहिले.

माती सगळी सारखीच काळी दिसत होती. मी अंदाजानं चिठ्ठ्या ठेवल्या. सहा तरी बरोबर पडतील, असं स्वतःला सांगितलं. खरं तर मला इतका वैताग आला होता की असं वाटलं, पडू दे चुकीच्या, काय फरक पडतो, मातीच तर आहे. मी हे लिहिताना आजही मान खाली घालते.

काकांनी माती नेली, चाळली, परीक्षा केली. दोन दिवसांनी आमच्याकडे चहाला आले तेव्हा कपाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मेपलखालची माती फार आंबट निघतेय," ते म्हणाले. "कॅल्शियम नाहीच. आणि देवदारांच्या कडेची चांगली. मी तीनदा केली परीक्षा. तिन्ही वेळा तेच."

"मग?" मी विचारलं.

"डोळा उलटं सांगत होता. मेपलखाली नेचे वाढलेत, निचरा चांगला, माती भुसभुशीत. मी पैज लावली असती." त्यांनी कप बाजूला सारला. "पण दहा-बारा वर्षं शेताबाहेर आहे मी. डोळा गेला असेल. मोरिता-सानना फोन करतो, देवदारांकडे वाफे घालू म्हणून."

या माणसाला मी तीन वर्षांत एकदाही स्वतःवर शंका घेताना पाहिलं नव्हतं. मोदकाच्या पिठीतला अर्धा भाग ओळखणारा माणूस स्वतःची नजर गेली असं माझ्या टेबलाशी बसून म्हणत होता, आणि ती माझ्यामुळे गेली होती. आणि तिकडे पेटीत ते बी फुटत होतं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, सोफ्याखालच्या चिठ्ठ्यांसकट. मला वाटलं आता स्फोट होणार. त्यांनी फक्त विचारलं, "बाराच्या बारा?"

"हो काका."

"बरं," म्हणाले आणि उठून गेले. चहा तसाच राहिला. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

शनिवारी सकाळी बेल वाजली. "चल. हर्षद ईराला बघेल, मी विचारलंय त्याला." मला विचारायची गरज त्यांना वाटली नव्हती. दोन गाड्या, मग चढ. मोरिता-सान वर रानाच्या तोंडाशी उभ्या होत्या, आणि त्यांना आधीच्या बेताप्रमाणे वाटत होतं की आज वाफे घालायचे.

काका पुढे झाले, टोपी काढली आणि म्हणाले, "नमुन्यांच्या चिठ्ठ्यांची माझ्याकडून सरमिसळ झाली. चूक माझी आहे. सगळं परत करावं लागेल." आणि वाकले. कंबरेत नव्वद अंशांत, आणि वर यायलाच तयार नाहीत.

मी तोंड उघडलं. वाकलेल्या अवस्थेतच ते मराठीत पुटपुटले, "गप्प बस."

मोरिता-साननी रानाकडे एकदा वळून बघितलं. मग म्हणाल्या, बी फुटलं आहे, आता आठवड्याभरात जमीन गोठायला लागेल. केळुसकर-सान, तुमच्यावर माझा विश्वास होता. जपानी माणसाच्या तोंडून यापेक्षा कडक काही मी ऐकलेलं नाही. काकांनी ते उभ्यानं ऐकून घेतलं. माझे कान तापले. लाज वाटली आणि त्यांचा भयंकर रागही आला. कोणी सांगितलं होतं यांना माझं ओझं उचलायला? मला माझी चूक माझ्या तोंडानं कबूल करायची होती, आणि ती संधीसुद्धा या माणसानं ठेवली नाही.

मग खुरपं माझ्या हातात आलं. बारा तुकडे, प्रत्येकी आठ खड्डे, सगळे मी खणले. काका मागे उभे. "वरची पानं धरू नकोस." "अजून खोल." "तो दगड आहे, माती नव्हे." दुपारपर्यंत माझ्या हाताला फोड आले. वाळवायला वेळ नव्हता. मोरिता-सानच्या अंगणात शेगडीशेजारी माती पसरून, अर्धवट सुकली तशी काकांनी डिस्टिल्ड पाण्यात कालवली आणि सामू, म्हणजे आंबटपणाचा आकडा, बघितला. ओल्या मातीचा आकडा पक्का मानत नाहीत ते, पण त्या दिवशी मानला. सगळ्यांत चांगला निघाला सातवा तुकडा. मेपलखालचा. डोळा बरोबर होता.

तरी कॅल्शियम थोडं कमी पडत होतं. मोरिता-सान म्हणाल्या, चुना घालू, गोदामात आहे. काका एकदम ताठ झाले. "चुना नाही. चुन्यानं मातीचा आंबटपणा जाईल आणि हिला थोडा आंबटपणा लागतो. कॅल्शियम पाहिजे आणि आंबटपणाही पाहिजे. जिप्सम घालायचं." जिप्समची पिशवी त्यांनी सॅकमधून आणलीच होती. मोजून, पसरून, वरच्या चार बोटांत मिसळून, त्यात कुजलेली मेपलची पानं. शेणखत का नाही असं मी विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा प्रश्न विचारला नाही.

रविवारी पेरलं. बी तिळापेक्षा मोठं, पोटाशी बारीक चीर पडलेलं. मोरिता-सान एकेक बोटानं ठेवत होत्या, काका वीत मोजत होते, मी वरून पानं पसरत होते. शेवटचं बी ठेवलं तेव्हा दोन बर्फाचे कण माझ्या बाहीवर पडले.

डिसेंबरात काकांची बदली झाली. मुंबई, मुख्य कार्यालय. निघायच्या दिवशी मी त्यांना विमानतळाच्या बसपर्यंत सोडायला गेले. बसच्या रांगेत म्हटलं, "मी मोरिता-सानना खरं सांगणार आहे."

"काही गरज नाही."

"काका, बी मेलं तर तुमच्या नावावर राहील."

"माझं नाव डोंबिवलीला चाललंय," ते म्हणाले. "तुला इथे राहायचंय. दर बुधवारी त्या बाईसमोर बसायचंय." मग ड्रायव्हरकडे वळून त्यांनी सुटायची वेळ विचारली, आणि ती वर पाटीवर लिहिलेली असताना घड्याळाशी ताडून बघितली. बस निघाली. खिडकीतून त्यांनी हात केला नाही. समोरच्या सीटवरचा सुरक्षेचा कागद ते वाचत होते. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. गेली पंधरा वर्षं पुण्यात आहे, डोंबिवली काही लांब नाही, पण आधी ईराची शाळा, मग माझी नोकरी, मग त्यांची तब्येत, आणि आता ते नाहीत.

पण ती गोष्ट पूर्ण करते. त्या हिवाळ्यात मी दर बुधवारी वर्गात मोरिता-सानना विचारायची, बर्फ वितळलं का. मे महिन्यात त्या मला वर घेऊन गेल्या. चढावर मी थांबले आणि मोडक्या जपानीत सांगितलं, चिठ्ठ्या मी मिसळल्या होत्या.

मोरिता-सान चालत राहिल्या. "माहीत आहे," म्हणाल्या. "जो माणूस मातीच्या पिशवीवर माझी सही घेतो, तो मिसळेल? पण ते इतका वेळ वाकून राहिले, की मला रागवावंच लागलं."

मेपलखाली आलो. त्यांनी हातानं पानं थोडी बाजूला केली आणि मातीवर बसकणच मारली. फिकट हिरवे देठ, प्रत्येकावर तीन इवली पानं. ओळीच्या ओळी. मोरिता-सान भावाच्या नावानं काहीतरी बोलत होत्या, आणि मी मोबाइल काढून डोंबिवलीला फोन लावला.

"काका, उगवलं."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग काकूंना मारलेली हाक ऐकू आली, "अगं ए, उगवलं!" मग ते पुन्हा फोनवर आले.

"सुटलीस बघ," ते म्हणाले. "हर्षद सांगत होता, हिवाळाभर जीव टांगणीला लावून बसली होतीस."

मला रडू आलं. म्हणजे त्यांनी बारा तुकडे पुन्हा खणायला लावले ते बियासाठी, आणि बाकी सगळं माझ्यासाठी. मी रडत म्हटलं, "काका, तुम्ही..."

"ते राहू दे," काका म्हणाले. "तू वाफ्यात उभी आहेस का? आधी बाजूला हो."

मी खाली बघितलं. माझा डावा पाय वाफ्याच्या कडेवर होता.